खाणारे आणि पोटात घालणारा

आमच्या गल्लीत अनेक वर्षे राहिलेल्या एक ख्रिस्ती शिक्षिका निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला गेल्या. घरातले सामान वाटून टाकताना त्यांनी दोन जाडजूड पुस्तके माझ्या हातात ठेवली. एक मराठी बायबल आणि दुसरे कन्नड. "सर, तुम्ही दोन्ही भाषा वाचता. आमच्या घरात आता दोन्ही वाचणारं कुणी उरलं नाही," असे त्या म्हणाल्या. मी धर्माने ख्रिस्ती नाही. तोपर्यंत बायबलशी माझा परिचय कानावर आलेल्या एकदोन दृष्टांतांपुरताच होता. पण कुणी विश्वासाने दिलेले पुस्तक न उघडता फडताळात ठेवून देणे माझ्यासारख्या मास्तराला जमत नाही. म्हणून वाचू लागलो.

जुन्या करारातल्या एका लहानशा पुस्तकापाशी मी थबकलो. ते मीखाचे पुस्तक. अवघे सात अध्याय; सावकाश वाचले तरी अर्ध्या-पाऊण तासाचे काम. त्याविषयी येथे लिहायचे आहे. विद्वत्तेचा दावा नाही. सीमाभागातल्या एका मराठी वाचकाला त्यात काय दिसले, एवढेच सांगणार आहे. सत्ताधारी भ्रष्ट झाले तर न्याय कुणाकडे मागायचा? आणि जो ग्रंथ न्यायासाठी एवढा हट्ट धरतो, तोच शेवटी देवाच्या दयेची ग्वाही देत असेल, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने त्या दयेकडे कसे पाहायचे? हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटला नाही. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

१

मीखा हा इ. स. पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. योथाम, आहाज आणि हिज्कीया या यहूदाच्या तीन राजांच्या काळात तो बोलला, असे पुस्तकाच्या आरंभीच नमूद आहे. त्याच्या बापाचे नाव दिलेले नाही, घराण्याचा उल्लेख नाही. आहे तो गावाचा. गाव मोरेशेथ. पुढे याच गावाला मोरेशेथ-गथ असे म्हटले आहे. गथ हे शेजारच्या पलिष्टी लोकांचे शहर. म्हणजे ज्याच्या नावालाच शेजारच्या मुलखातले शहर चिकटले आहे, अशा गावचा हा रहिवासी. राजधानी यरुशलेम डोंगरावर. मीखाचे गाव खाली सखल, पिकाऊ पट्ट्यात, सरहद्दीच्या बाजूला. आपल्या वाचकांना अशा गावाची अधिक ओळख करून द्यायला नको. राजधानीत ठरते आणि सरहद्दीवर सोसावे लागते, हे आपण जाणतो.

काळही कठीण होता. अश्शूरचे साम्राज्य पसरत होते. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएलची राजधानी शोमरोन पडली. इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजा यहूदावर चालून आला. ४६ तटबंदीची नगरे घेतली, असे त्याने स्वतःच्या लेखात कोरून ठेवले आहे. मीखाच्या गावापासून फार दूर नसलेले लाखीश त्याच स्वारीत पडले. त्या विजयाची शिल्पे सन्हेरीबाने निनवे येथील आपल्या राजवाड्यात लावली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर बोचकी लादून बायकामुलांसह गाव सोडून चाललेली माणसे दिसतात. मीखा ज्यांची बाजू घेऊन बोलत होता ते लोक कसे दिसत असतील, याची कल्पना करायला त्याच भागातल्या माणसांचे हे चित्र पुरेसे आहे.

२

मीखाचा राग परक्या शत्रूवर नाही, हे वाचकाच्या पहिल्यांदा ध्यानात येते. तो घरच्याच पुढाऱ्यांवर आहे. दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की, ही माणसे रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बेत रचतात आणि उजाडले की पार पाडतात. कारण ते त्यांच्या हातात असते. शेत आवडले की ते घेतात, घर आवडले की ते घेतात. बायकांना त्यांच्या घरातून बाहेर काढतात. येथे दरोडा नाही, तलवार नाही. सगळे हात राखून, कागदोपत्री. म्हणूनच ते अधिक भयंकर वाटते.

तिसऱ्या अध्यायात मात्र त्याची भाषा एकदम बदलते. न्याय जाणणे हे ज्यांचे काम, ते पुढारी लोकांची कातडी सोलतात, हाडांवरचे मांस काढतात, हाडे मोडतात आणि कढईत घालायच्या मटणासारखे तुकडे करून खातात, असे तो म्हणतो. प्रथम वाचताना अंगावर काटा येतो. थोडा विचार केल्यावर वाटते, यात अतिशयोक्ती किती आणि आपल्या नेहमीच्या बोलण्यातली किती? आपण मराठीत 'पैसे खाल्ले' म्हणतो, 'लाच खाल्ली' म्हणतो. कन्नडातही 'लंच तिन्नु' असाच प्रयोग आहे, आणि तिन्नु म्हणजे खाणे. रोज वापरून हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की, खाल्ले ते नेमके कुणाचे, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. मीखा तो प्रश्न विचारतो. खाल्लेला पैसा हा कुणाच्या तरी अंगावरचे मांस असतो, एवढेच त्याला म्हणायचे आहे.

ही खाण्याची प्रतिमा तो सोडत नाही. त्याच अध्यायात पुढे पोटार्थी संदेष्टे येतात. दाताखाली काही आले की हे शांतीची घोषणा करतात, आणि ज्याने तोंडात काही घातले नाही त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारतात. शेवटी सगळा हिशेब एका ठिकाणी मांडला आहे: पुढारी लाच घेऊन निवाडा करतात, याजक वेतन घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसा घेऊन भविष्य सांगतात. आणि एवढे करून तिघेही देवावर भार टाकून निर्धास्त असतात, की तो आपल्यामध्ये आहे, आपले काही वाकडे होणार नाही.

माझ्या मते मीखाच्या टीकेचा गाभा या शेवटच्या गोष्टीत आहे. लाच घेणारा नास्तिक असता तर मीखाला एवढे बोलावे लागले नसते. हा लाच घेणारा भाविक आहे. त्याच्या भक्तीत खोट नाही, आणि तिचा त्याच्या व्यवहाराशी संबंधही नाही. म्हणूनच सहाव्या अध्यायात, देवाला काय घेऊन सामोरे जावे, हजारो मेंढरे की तेलाच्या नद्या की पोटचा पहिला मुलगा, असा प्रश्न येतो, तेव्हा उत्तरात अर्पणाचे नावही नाही. न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवाबरोबर नम्रपणे चालणे, या तीनच गोष्टी मागितल्या आहेत. लगेच पुढे खोट्या तराजूचा आणि उण्या मापाचा उल्लेख येतो. म्हणजे देवाकडे जाणारी वाट बाजारातून, वजनमापाच्या काट्यावरून जाते.

३

येथे एका जुन्या कथेची आठवण होते. मीखाच्या आधी शंभराहून अधिक वर्षे उत्तरेच्या राज्यात घडलेली ही कथा पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. इज्रेल गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने दुसरा मळा देऊ केला, नाहीतर पैसे देऊ केले. नाबोथ नाही म्हणाला; वाडवडिलांचे वतन देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून निजला, जेवेना. तेव्हा ईजबेल राणीने त्याच्या नावाने, त्याच्या शिक्क्यानिशी गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे धाडली. उपास जाहीर झाला, नाबोथाला पुढे बसवण्यात आले, दोन हलकट माणसांनी साक्ष दिली की याने देवाची व राजाची निंदा केली. गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार करून ठार केले.

या कथेत कायदा कोठेही मोडलेला दिसत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, दोन आहेत. वडीलमंडळी आहेत, सभा आहे, शिक्का आहे. फक्त सत्य नाही. गावच्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही पत्र परत पाठवले नाही. भ्रष्ट राजापेक्षा मला या गप्प बसलेल्या वडीलधाऱ्यांची अधिक धास्ती वाटते, कारण राजे विरळा असतात आणि असे वडीलधारे गावोगाव असतात.

मग एलीया संदेष्टा येऊन राजाला शिक्षा ऐकवतो. अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो. आणि देव म्हणतो की, याने स्वतःला नमवले म्हणून हे अरिष्ट याच्या हयातीत आणणार नाही, मुलाच्या काळात आणीन. येथे माझे मन प्रत्येक वेळी अडखळते. अहाबाने मळा परत केला, असे ग्रंथ कोठेही सांगत नाही. परत करायचा तरी कुणाला? दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, अहाबाचा मुलगा योराम मारला जाऊन त्याच मळ्यात फेकला जातो तेव्हा, ओझरता उल्लेख येतो की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. मूळ कथेत हे सांगितलेलेच नव्हते. दया राजाला मिळाली. नाबोथाच्या घरात ती मिळायला कुणी उरले नव्हते.

परंतु ग्रंथ तेथे थांबत नाही, हेही नमूद केले पाहिजे. योरामाला मारणाऱ्या येहूने इज्रेलात जी कत्तल केली, तिच्याबद्दल होशेय या संदेष्ट्याने पुढे येहूच्याच घराण्याला दोषी धरले आहे. एका पुस्तकात जो सूड देवाच्या नावाने उगवला, त्याचा जाब दुसऱ्या पुस्तकात देवाच्याच नावाने मागितला आहे. बायबल हा एकसुरी उपदेश आहे अशी माझी समजूत होती. ती येथे मोडली. तो ग्रंथ स्वतःशीच वाद घालतो आणि वाद मिटवून टाकण्याची घाई करत नाही.

४

मीखाने एक भविष्य सांगितले होते. तुमच्यामुळे सियोन शेतासारखा नांगरला जाईल, यरुशलेमचे ढिगारे होतील, असे त्याने पुढाऱ्यांना तोंडावर सुनावले. तसे त्याच्या हयातीत झाले नाही. सन्हेरीबाच्या स्वारीतून यरुशलेम बचावले. मग मीखा खोटा ठरला काय?

याचे उत्तर सुमारे शंभर वर्षांनी एका खटल्यात मिळाले. यहोयाकीम राजाच्या आरंभीच्या काळात यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या आवारात तसेच बोल काढले, तेव्हा याजक व संदेष्टे त्याच्या जिवावर उठले. त्या वेळी देशातले काही वडीलधारे उभे राहिले आणि म्हणाले की, मोरेशेथच्या मीखाने हेच सांगितले होते. हिज्कीयाने त्याला मारले नाही, तो देवाला भ्याला, आणि देवाने अरिष्ट मागे घेतले. यिर्मया वाचला. अर्थात केवळ या दाखल्याने नव्हे. अहीकाम नावाच्या वजनदार माणसाने त्याला पाठीशी घातले होते. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा मिसरात पळून गेला असता त्याला पकडून आणून राजाने ठार केले, हेही लिहिले आहे. सत्य बोलणाऱ्याला नेहमी पाठीराखा मिळतोच असे नाही, ही गोष्ट ग्रंथाने लपवलेली नाही.

वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. भविष्य खरे ठरले नाही, यातच मीखाचे यश आहे, असे त्यांना म्हणायचे होते. इशारा हा खरा ठरण्यासाठी दिलेला नसतो. इज्रेलच्या वडीलधाऱ्यांनी नाबोथाच्या वेळी जे केले नाही ते यरुशलेममध्ये जमलेल्या या वडीलधाऱ्यांनी केले: ते बोलले.

तरीसुद्धा सरहद्दीवरून पाहणाऱ्याला येथे एक गोष्ट खटकते. देवाने अरिष्ट मागे घेतले, असे म्हणताना त्या मंडळींच्या डोळ्यांसमोर राजधानी होती. लाखीश पडले होते, त्या पट्ट्यातली नगरे गेली होती, बैलगाड्या निघून गेल्या होत्या. यरुशलेमला जी दया दिसली ती खालच्या गावांना दिसली नाही. आणि पुढे इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमही उद्ध्वस्त केले. पुढाऱ्यांच्या पापाची किंमत दोन्ही वेळा सामान्यांनी मोजली. मीखाच्या शिकवणुकीतला हा कच्चा दुवा आहे असे मी मानतो. खाणाऱ्यांना शिक्षा म्हणून शहर नांगरले, तर ज्यांना खाल्ले त्यांचीही घरे त्याच नांगराखाली येतात. याचे समाधानकारक उत्तर मला त्याच्या पुस्तकात सापडले नाही.

५

सातव्या अध्यायाच्या शेवटी मात्र पुस्तक अनपेक्षित वळण घेते. मीखा या नावाचाच अर्थ 'परमेश्वरासारखा कोण?' असा होतो. शेवटच्या ओळींत तोच प्रश्न परत येतो: अपराध क्षमा करणारा तुझ्यासारखा देव कोण? तो राग कायमचा धरीत नाही, त्याला दया करण्यात आनंद आहे, तो लोकांची पापे पायाखाली तुडवील आणि समुद्राच्या तळाशी टाकील. हा भाग मीखाचा नसून नंतरच्या काळातील असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ते खरे असेलही. पण ज्या कुणी तो येथे जोडला त्याने मीखाचे नाव लक्षात ठेवून जोडला, एवढे निश्चित.

येथे दयेसाठी जे क्रियापद आहे त्याचा हिब्रू धातू 'रेहेम' या शब्दाशी जोडलेला आहे, आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. अरबीतला आणि तेथून आपल्याकडे आलेला 'रहम' हा शब्द त्याच कुळातला. हे समजल्यावर मला आपलाच एक शब्दप्रयोग आठवला. आपण क्षमा मागताना 'अपराध पोटात घाला' म्हणतो. कन्नड शेजारीही 'तप्पु होट्टेगे हाकिकोळ्ळी' असेच म्हणतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातील गंगामूळचा. दोन भाषांच्या सरहद्दीवर जन्मलेल्या त्या बाईंना हे पोटाचे नाते नक्की जाणवले असेल, असे मला उगाच वाटते.

तर मीखाच्या पुस्तकात दोन पोटे आहेत. एक खाणाऱ्यांचे, ज्यात माणसे जातात. दुसरे देवाचे, ज्यात अपराध जातात. ही जोडी हिब्रूत मीखाच्या मनात होती असा माझा दावा नाही. ती आपल्या भाषांनी मला दाखवली.

आता माझ्याजवळची गोष्ट. आमच्या आजोबांची दोन एकर पिकाऊ जमीन होती. मी लहान असताना एका खोट्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या अंगठ्यांवर, ती दुसऱ्याच्या नावे झाली. फेरफाराची नोंद करणाऱ्याने खाल्ले होते, हे सगळ्या गावाला माहीत होते. आजोबांनी स्वतः जमीन विकली आणि आता नाकबूल होतात, असे चारचौघांत बोलले गेले. जमिनीपेक्षा ते बोलणे त्यांना लागले. त्यातच ते गेले.

पुष्कळ वर्षांनी त्या दोन साक्षीदारांपैकी एक जण म्हातारा होऊन आमच्या दारात आला. आजीसमोर ओट्यावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, अपराध पोटात घाला." मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घालीन की. पण तुझ्या पोटात आहे ते आधी भाईर काढ. चावडीवर जाऊन सांग."

तो गेला, आणि चार दिवसांनी खरोखरच चावडीवर पंचांसमोर त्याने सांगितले. जमीन परत मिळाली नाही. ती तोपर्यंत दोनदा विकली गेली होती. पण आजोबा खोटे बोलले नव्हते, हे गावाने ऐकले. त्या संध्याकाळी आजीने त्याला बोलावून जेवायला वाढले.

मोशेच्या नियमशास्त्रात, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, असे आहे की अपराध्याने आधी पाप कबूल करावे, मग घेतलेले पूर्ण परत करावे आणि वर पाचवा हिस्सा घालावा. नव्या करारात यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय भेटतो. येशू त्याच्या घरी उतरायला जातो, आणि तेव्हा जक्कय उभा राहून म्हणतो की, ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट देईन. येथे दया आधी आली आणि न्याय तिच्यामागून आला. आजीने न्याय आधी मागितला आणि दया मागून दिली. क्रम उलटा, पण दोन्ही ठिकाणी दुसऱ्यावाचून पहिले पुरे झाले नाही. अहाबाच्या कथेत जे राहून गेले ते हेच. तो देवापुढे नमला. इज्रेलच्या चावडीवर जाऊन नाबोथ निर्दोष होता असे त्याने सांगितले नाही.

मीखाने मागितलेल्या तीन गोष्टींत न्याय पहिला आहे आणि दया दुसरी. इतकी वर्षे मी त्याला केवळ ओळीतला क्रम समजत होतो. आजीला बायबल ठाऊक नव्हते. तिला हा क्रम ठाऊक होता.